अनुभवाच्या रकान्यात 'नाही' का लिहिलंस?

पत्र असं आहे:

'ताई, मी सोलापूरची. विडी घरकुलात राहते. वय २०, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. बारावीपर्यंत मराठी माध्यम. घरी आम्ही तेलुगू बोलतो. पप्पा यंत्रमागावर आहेत, आई विड्या वळते. दोन वर्षं झाली, कॉलेज सुटलं की मी एका चादरी-टॉवेलच्या दुकानात काउंटरला असते. गिऱ्हाइकांशी मराठी, हिंदी, तेलुगू आणि थोडंफार कानडी बोलते. २०२५च्या जूनमध्ये आपल्या विमानतळावरून गोव्याचं विमान सुरू झालं, ते बघायला आम्ही मैत्रिणी होटगी रोडला गेलो होतो. तेव्हापासून डोक्यात एकच आहे, एअर होस्टेस व्हायचं. पुण्यात एका विमान कंपनीचा वॉक-इन, म्हणजे थेट जाऊन द्यायची मुलाखत होती. माझी उंची १५७ सेंमी, त्यात पास झाले. गटचर्चाही झाली. मग एकटीला बोलावून "स्वतःबद्दल सांगा" म्हणाले. यूट्यूबवर बघून पाठ केलेलं उत्तर तिसऱ्या वाक्याला विसरले. त्यांनी फॉर्म बघून विचारलं, "अनुभव नाही लिहिलंय, मग आजवर काय करत होता?" मला रडूच आलं. नाव लागलं नाही. आता एक अकॅडमी म्हणते, दीड लाख भरा, इंग्रजी, मेकअप सगळं शिकवू, नोकरीची शंभर टक्के हमी. आई बांगड्या गहाण ठेवायला तयार आहे. आजी म्हणते, लोकांची उष्टी उचलायला एवढं शिकलीस का? माझ्या उजव्या मनगटाजवळ तव्याचा चटका बसलेला डाग आहे, त्याचंही टेन्शन आहे. पुढच्या महिन्यात परत वॉक-इन आहे. जाऊ का?'

आईला आज संध्याकाळीच सांग, बांगड्या हातातच राहू देत.

हे मी एवढ्या खात्रीने सांगते, कारण मी स्वतः बारा वर्षं केबिन क्रूमध्ये होते आणि सोलापुरातूनच गेले होते. आपल्या देशातल्या बहुतेक विमान कंपन्या बारावी पास मुलींना थेट घेतात. अकॅडमीचं सर्टिफिकेट कोणी मागत नाही. निवड झाली की कंपनी स्वतःच्या प्रशिक्षण केंद्रात काही आठवडे, काही ठिकाणी तीन महिने शिकवते. दार कसं उघडायचं, आग कशी विझवायची, पाण्यात उतरलेल्या विमानातून लोकांना कसं काढायचं, हृदय बंद पडलेल्या माणसाला काय करायचं. हे शिक्षण डीजीसीएच्या, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याच्या नियमानुसार होतं, त्याची परीक्षा होते आणि ती पास झाल्याशिवाय कोणालाही विमानात उभं करत नाहीत. अकॅडमी यातलं काही देऊ शकत नाही. आणि शंभर टक्के हमी तर कोणीच देऊ शकत नाही, कारण निवडणारी माणसं कंपनीची असतात. सगळ्याच अकॅडम्या वाईट असतात असं मी म्हणणार नाही, तिथे जाऊन चारचौघांत बोलायला शिकलेल्या मुली मला भेटल्या आहेत. पण ज्या घरात आठवड्याच्या पगारावर हिशोब चालतो, त्या घराने त्यासाठी सोनं गहाण टाकायचं काही कारण नाही.

याच ओघात आणखी एक. 'तुमची निवड झाली आहे, गणवेशाचे आणि मेडिकलचे पैसे पाठवा' असा फोन किंवा मेसेज आला तर तो फसवणुकीचा समज. नोकरी देण्यासाठी आम्ही पैसे घेत नाही, असं विमान कंपन्या स्वतःच जाहीर सांगतात. वॉक-इनची तारीख आणि जागा कंपनीच्या स्वतःच्या करिअरच्या पानावर तपासायची. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या चित्रावर भरवसा ठेवून पुण्याचं तिकीट काढू नकोस.

आता तुझ्या फॉर्मकडे येते. तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्याच ओळीवर थांबले. दोन वर्षं रोज दुपारनंतर काउंटरला उभी राहणारी मुलगी अनुभवाच्या रकान्यात 'नाही' लिहिते. का लिहिलंस? दुकानातलं काम नोकरीत मोजत नाहीत असं वाटलं? एसी ऑफिस, टेबल-खुर्ची असली तरच अनुभव, असं कोणी सांगितलं?

तुझं दुकान मी पाहिलेलं नाही, पण सोलापुरातली चादरीची दुकानं मला पाठ आहेत. अक्कलकोटला स्वामींचं दर्शन करून कलबुर्गीचं एक कुटुंब येतं. गाडी बाहेर उभी, ड्रायव्हर घाई करतोय. म्हातारीचे पाय दुखताहेत, तिला आधी स्टूल हवं. लेकराला पाणी हवं. सुनेला डबल बेडची चादर हवी, पण मोराची नक्षी नको. सासऱ्यांना भाव पटत नाही. तू वीस चादरी उलगडतेस, एकोणीस परत घडी घालतेस. मध्येच दुसरं गिऱ्हाईक येतं, 'मागच्या महिन्यातल्या टॉवेलचा रंग गेला' म्हणून आवाज चढवतं. पहिल्यांना जाऊ द्यायचं नाही, दुसऱ्याला सगळ्यांसमोर भांडू द्यायचं नाही, मालक जेवायला गेलेत. तेव्हा तू काय केलंस, तेच मुलाखतीत विचारतात, फक्त शब्द वेगळे असतात. दोनशे माणसं एका अरुंद नळीत तीन तास बसलेली, प्रत्येकाची अडचण वेगळी आणि उठून बाहेर जायची सोय नाही. तिथे जी मुलगी लागते, ती कलबुर्गीच्या म्हातारीला न सांगता स्टूल देणारी.

म्हणून 'स्वतःबद्दल सांगा' याचं यूट्यूबवरचं उत्तर विसरून जा. 'मी लहानपणापासून आकाशात उडायचं स्वप्न पाहिलं' हे वाक्य त्या दिवशी समोरच्यांनी पन्नास वेळा ऐकलेलं असतं. तू सहा-सात वाक्यंच बोल. नाव, गाव, शिक्षण, एवढं दोन वाक्यांत. मग थेट दुकान. मग त्या दुकानातला एक प्रसंग, खरा घडलेला: काय झालं, तू काय केलंस, शेवट काय झाला. 'आय हॅव वर्क्ड इन अ टेक्स्टाइल शॉप फॉर टू इयर्स' एवढं साधं इंग्रजी पुरतं. घडलेली गोष्ट माणूस सहसा विसरत नाही. पाठ केलेली ओळ विसरली की पुढच्या सगळ्या ओळी जातात, तुझं तेच झालं. आज रात्री वहीत असे चार प्रसंग लिहून काढ: चिडलेलं गिऱ्हाईक, तुझ्या हातून झालेली चूक, सोबतच्या मुलीशी झालेला खटका, आणि कोणाला तरी केलेली मदत. मुलाखतीतले निम्मे प्रश्न या चारांत बसतात.

भाषांचंही तेच. तेलुगू, मराठी, हिंदी, कानडी. आपल्या सोलापुरात हे इतकं रोजचं आहे की त्याची किंमत आपल्यालाच कळत नाही. हैदराबाद आणि बंगळुरूला देशभरातून दिवसभर विमानं जातात, आणि पहिल्यांदा विमानात बसलेल्या आजोबांना त्यांच्या भाषेत 'पट्टा असा लावा' म्हणणारी मुलगी क्रूला फार मोलाची वाटते. फॉर्मवर चारही लिही. कानडीपुढे मात्र 'बोलता येते, लिहिता येत नाही' असं स्पष्ट लिही, कारण तिथल्या तिथे त्या भाषेत बोलायला सांगतात.

इंग्रजीची तुझी भीती मला ओळखीची आहे. माझ्या पहिल्या मुलाखतीत एका बाईंनी माझ्या बोलण्याची सगळ्यांसमोर नक्कल केली होती. 'हो की', 'आहे की' हा आपला हेल माझ्या इंग्रजीतही उतरला होता. मी खोलीतून बाहेर आले ती रडतच. पुढे क्रूमध्ये गेल्यावर कळलं, तिथे हेल सगळ्यांचाच असतो, मणिपूरच्या मुलीचा वेगळा, केरळच्या मुलीचा वेगळा. अडतं ते शब्द गिळल्यावर. आणीबाणीत ओरडून सांगितलेलं वाक्य शेवटच्या रांगेतल्या माणसाला कळलं पाहिजे, त्यासाठी स्पष्ट आणि सावकाश बोलणं लागतं. परदेशी ढब कोणाला नको असते, ओढूनताणून आणलेली तर लगेच कळते.

रोज वीस मिनिटं मोठ्याने बोल. मनातल्या मनात वाचून काही होत नाही, तोंडाला सवय लागायला हवी. स्टेशनवर गाड्यांची घोषणा मराठी, हिंदी, इंग्रजीत होते ना, तशी तू स्वतःची विमानातली घोषणा तयार कर आणि तिन्ही भाषांत वाच. खुर्चीची पाठ सरळ करा, समोरचं ट्रे-टेबल बंद करा, खिडकीचं झाकण वर करा. वाचताना एक प्रश्न स्वतःला विचार, की हे का सांगतात? झाकण वर कशाला? कारण उड्डाण आणि उतरणं हीच जोखमीची वेळ. बाहेर आग लागली आहे का हे आतून दिसलं पाहिजे, म्हणजे कुठलं दार उघडायचं नाही ते कळतं. रात्री त्याच वेळी आतले दिवे मंद करतात, म्हणजे डोळ्यांना अंधाराची सवय झालेली असते आणि बाहेर पडताच माणूस चाचपडत नाही. मुलाखतीत हे कारण सांगणारी मुलगी पाठांतर करून आलेल्यांपेक्षा वेगळी उठून दिसते.

इथेच आजीच्या प्रश्नाचंही उत्तर आहे, आणि ते तुला स्वतःलाही नीट पटायला हवं.

आजीला खोटं सांगू नकोस. हो, ट्रे उचलावे लागतात. उलटीची पिशवी उचलावी लागते. टॉयलेट दर थोड्या वेळाने जाऊन बघावं लागतं, आणि त्याचं कारण नुसती स्वच्छता नसते. तिथे कोणी चोरून सिगारेट ओढून थोटूक कागदाच्या डब्यात टाकलं तर आग लागते. हे सगळं करतो आम्ही. पण कंपनी आम्हाला विमानात ठेवते ती चहासाठी नाही. विमानातल्या दर पन्नास आसनांमागे किमान एक क्रू असलाच पाहिजे, हा कायद्याचा नियम आहे. होटगी रोडवरून गोव्याला उडणारं एटीआर सत्तरच्या घरातल्या आसनांचं, म्हणून त्यात किमान दोघी. १८० आसनांच्या एअरबसमध्ये किमान चौघी. चहा कोणी मागितला नाही तरी चौघी. क्रू कमी पडला तर विमान उडत नाही.

नवं विमान बनवणाऱ्या कंपनीला दाखवून द्यावं लागतं, की निम्मी दारं बंद असली तरी भरलेलं विमान ९० सेकंदांत रिकामं होतं. ते रिकामं करणारी माणसं म्हणजे क्रू. २ जानेवारी २०२४ला टोकियोच्या हानेडा विमानतळावर जपान एअरलाइन्सचं विमान उतरता उतरता तटरक्षक दलाच्या विमानावर आदळलं. त्या छोट्या विमानातले पाच जण गेले. मोठ्या विमानात ३७९ माणसं होती, विमान पेटलं होतं, आतली घोषणायंत्रणा बंद पडली. केबिन क्रू नऊ जण. त्यांनी भोंग्यावरून आणि घसा फोडून ओरडून लोकांना जागेवर बसवलं, आठपैकी कुठल्या दाराबाहेर आग नाही ते बघितलं, तीनच दारं उघडली, बॅगा घेऊ दिल्या नाहीत, आणि ३७९च्या ३७९ बाहेर काढली. नंतर ते विमान जळून राख झालं. आजीला हे तेलुगूत सांग, सावकाश.

आमच्या कामातली एक गोष्ट प्रवाशांना कधी दिसत नाही. विमान धावपट्टीवर पळायला लागतं तेव्हा क्रू आपापल्या घडीच्या खुर्चीत पट्टे आवळून बसलेला असतो, पाय जमिनीला टेकलेले, हात मांड्यांखाली. बघणाऱ्याला वाटतं पोरी शांत बसल्यात. त्या वेळी प्रत्येक जण मनात उजळणी करत असतो: माझं दार कुठलं, दाराची आणीबाणीतली घसरगुंडी जोडलेली आहे का, बाहेर काय दिसतंय, जवळ मदतीला धडधाकट कोण बसलंय, एकटं लेकरू कुठे आहे, मी पहिला शब्द काय ओरडणार. दर उड्डाणाला, दर उतरताना. बारा वर्षांत एकदाही ती उजळणी वापरायची वेळ माझ्यावर आली नाही, आणि एकदाही मी ती चुकवली नाही. नोकरी सोडून इतकी वर्षं झाली, अजून एसटीत बसले की संकटकाळी बाहेर पडायची खिडकी कुठे आहे ते आधी बघते.

म्हणूनच 'हवाई सुंदरी' हा शब्द मला कधी पटला नाही. मुलाखतीत 'तुम्हाला हे काम का करायचंय' असं विचारतील तेव्हा फिरायला मिळतं, छान दिसता येतं, यावर थांबू नकोस. माणसांची जबाबदारी घ्यायला आवडते हे तुझ्या शब्दांत सांग. दुकानाचा अनुभव त्याला जोडूनच येतो.

'असं झालं तर काय कराल' हे प्रश्न हमखास येतात. शाकाहारी जेवण संपलं आणि प्रवासी चिडला. अशा वेळी मुली एक तर नुसतं 'सॉरी सर' म्हणत राहतात, नाही तर 'मी कुठूनही आणून देईन' असं अशक्य काहीतरी बोलून बसतात. तुझ्या काउंटरवर निळी चादर संपली की तू काय करतेस? आधी ऐकून घेतेस, संपलीय हे खरं सांगतेस, मग आहे त्यातलं दाखवतेस. तेच इथे. माफी माग, फळं किंवा ब्रेड काय आहे ते बघून सांग, वरिष्ठ क्रूच्या कानावर घाल, आणि पुन्हा एकदा त्या माणसाजवळ जाऊन ये. परत जाऊन विचारणं बहुतेक जणी विसरतात.

प्रवाशाने अंगचटीला यायचा प्रयत्न केला तर, हाही प्रश्न येतो, आणि तुझ्या आईच्या मनातही तो असणारच. हसून सोडून देईन, हे उत्तर चूक. गालावर ठेवून देईन, हेही चूक. स्पष्ट शब्दांत थांबवायचं, लगेच इन-चार्जला सांगायचं, ती कॅप्टनला कळवते, आणि उतरल्यावर सुरक्षारक्षक दारात उभे असतात. २०१७पासून डीजीसीएचा नियम आहे. शिवीगाळ आणि अरेरावी केली तर तीन महिन्यांपर्यंत विमानबंदी, अंगाला हात लावला तर सहा महिन्यांपर्यंत, जीव धोक्यात घातला तर किमान दोन वर्षं. आईला सांग, भर बाजारात मुलीच्या पाठीशी जेवढा कायदा उभा राहत नाही, तेवढा विमानात राहतो.

गटचर्चा तू पार केलीस, त्यामुळे त्यावर फार लिहीत नाही. एवढंच, की तिथे गप्प बसलेली एखादी मुलगी दिसली तर 'तुला काय वाटतं?' असं तिला विचार. निवडणारे लोक हे बघत असतात. ते तुला बाहेर रांगेतही बघत असतात, पाणी आणून देणाऱ्या पोराशी कशी बोलतेस ते सुद्धा.

आता जाण्यायेण्याचं. सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस पुण्यात पोचेपर्यंत दहा वाजून जातात, आणि वॉक-इनची नोंदणी सकाळीच सुरू होते. आदल्या दिवशीच जा, नातेवाइकांकडे राहा. मुंबईला असेल तर रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस बरी, सकाळी उतरवते, पण तयार व्हायला स्टेशनच्या महिला प्रतीक्षालयात तासभर हाताशी ठेव. केस घरी रोज बांधून बघ. जाळी, पिना, एकही बट सुटलेली नको, अंबाडा सहा तास टिकला पाहिजे. नखं कापलेली, मेकअप हलका. पांढरा शर्ट आणि गुडघ्यापर्यंतचा काळा स्कर्ट चालतो. स्कर्टची घरच्यांना अडचण असेल तर त्यांना हेही सांग, की अकासा एअरच्या मुलींचा गणवेशच पँट आणि स्नीकर्स आहे. बंद बूट नवे घेतलेस तर आधी आठवडाभर दुकानात घालून उभी राहा. मुलाखतीच्या दिवशी टाच सोलली की चेहऱ्यावर दिसतं.

कागदपत्रांत आपल्याकडे एक घोळ नेहमीचा आहे. दहावीच्या मार्कशीटवर आडनावाचं स्पेलिंग एक, आधारवर दुसरं, पॅनवर तिसरं. पूर्व भागातल्या तेलुगू आडनावांचं तर फारच होतं. विमानतळाचा पास मिळण्याआधी तुझी सगळी पार्श्वभूमी तपासतात, तिथे हे अडतं. आजच सगळे कागद शेजारी शेजारी ठेवून बघ आणि दुरुस्तीला टाक. पासपोर्ट नसेल तर अर्ज करून टाक, पोलीस पडताळणीत दिवस जातात.

बहुतेक भारतीय कंपन्यांत मुलींसाठी उंचीची अट १५५ सेंमीच्या आसपास आहे, त्यात तू बसतेस. दुबईच्या एमिरेट्सचं मनात असेल तर तिथे वय २१, उंची १६० आणि चवड्यांवर उभं राहून हात २१२ सेंमीपर्यंत पोचायला लागतो, तेव्हा तो विचार सोड. हात का मोजतात? डोक्यावरच्या कप्प्यातला अग्निशामक आणि ऑक्सिजनची बाटली हाताला लागली पाहिजे म्हणून. वजन उंचीच्या मानाने बघतात: किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. तुझ्या उंचीला ५० किलो असेल तर २०च्या थोडं वर येतं, ते छान आहे. वजन जास्त भरलं तरी उपास करून जाऊ नकोस. रांगेत चक्कर येऊन पडलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी डब्यात घे आणि वेळेवर खा.

या नोकरीची दुसरी बाजूही सांगते, नाही तर माझा सल्ला अर्धवट राहील. तुझा तळ मुंबई, दिल्ली, बंगळुरू, हैदराबाद असा कुठेतरी पडणार, सोलापूर नाही. संक्रांतीला सिद्धेश्वरांची गड्डा जत्रा भरेल, नंदीध्वज निघतील, आणि तू दुसऱ्याच शहरातल्या हॉटेलात पहाटे तीनचा गजर लावून झोपलेली असशील. पाय सुजतात. सर्दी झाली असताना उडलं तर कानाचा पडदा फाटू शकतो. काही कंपन्या प्रशिक्षणाआधी बाँड लिहून घेतात, अमुक वर्षांच्या आत सोडलं तर पैसे भरा म्हणून, तो पप्पांबरोबर बसून शब्द न् शब्द वाचायचा. आणि कंपन्या बंद पडतात. एप्रिल २०१९मध्ये जेट एअरवेज थांबली, मे २०२३मध्ये गो फर्स्ट, आणि हजारो घरांचा पगार बंद झाला. म्हणून बारावीवर नोकरी मिळत असली तरी बी.कॉम. पूर्ण कर. शेवटचं वर्ष आहे, वॉक-इन आणि परीक्षा एकाच दिवशी आली तर परीक्षेला जा. वॉक-इन परत येतात.

लग्नाचं कोणी काढलं तर: पूर्वी एअर इंडियात पहिल्या गरोदरपणातच मुलीची नोकरी जायची. नर्गेश मिर्झा यांच्या खटल्यात १९८१ साली सर्वोच्च न्यायालयाने ती अट रद्द केली. माझ्याबरोबर दोन लेकरांच्या आया उडत होत्या.

तर हो, पुढच्या महिन्यात जा. विमानात कधी बसलात का, असं विचारलं तर 'नाही' म्हण, त्यात लपवण्यासारखं काही नाही. इथेच 'नाही' शोभतं. आणि फॉर्म नव्याने भरताना अनुभवाच्या रकान्यात दुकानाचं नाव, दोन वर्षं, ग्राहक सेवा, चार भाषा, असं स्वच्छ अक्षरात लिही. मालकांकडून लेटरहेडवर दोन ओळींचं पत्रही घेऊन ठेव. देतील, नाही म्हणणार नाहीत.

तुझी ताई

ता.क. डागाचं राहिलं. गणवेशात उघड्या राहणाऱ्या भागावरचा डाग ते बघतात, आणि मोठा असेल तर नकाराचं कारण होऊ शकतो, हे खरं आहे. पण मेकअप थापून झाकू नकोस, जवळून तपासताना कळतं आणि लपवल्याचा ठपका बसतो. आधी सिव्हिलमध्ये त्वचेच्या डॉक्टरांना दाखव, जुने चटके औषधाने किती फिके होतात ते ते सांगतील. तिथे विचारलंच तर एका वाक्यात सांग, भाकरी करताना तवा लागला. मान खाली घालू नकोस. एका कंपनीने त्यावरून थांबवलं तर दुसरीकडे अर्ज कर.